जलतंटा आणि तज्ज्ञ : कृष्णा खोऱ्याचे उदाहरण

सोलापूर जिल्ह्यातून वाहणारी भीमा ही कृष्णेची उपनदी असल्यामुळे तिच्या पाण्याचा हिशोब कृष्णा खोऱ्याच्या हिशोबापासून वेगळा करता येत नाही. हा हिशोब कोणी मांडावा? मराठीत ‘पंच’ आणि ‘तज्ज्ञ’ हे शब्द निराळे आहेत, ते योग्यच होय. पंच निवाडा देतो. तज्ज्ञ वस्तुस्थिती सांगतो.

1951 च्या जुलै महिन्यात नियोजन आयोगाच्या परिषदेत ठरलेली वाटणी म्हैसूरने मान्य केली नाही, आणि 1956 च्या राज्यपुनर्रचनेने तिचा पायाच बदलला. लवाद नेमण्यापूर्वी केंद्र सरकारने 1961 मध्ये एन. डी. गुलाटी यांच्या अध्यक्षतेखाली कृष्णा-गोदावरी आयोग नेमला. सिंधू जलकराराच्या वाटाघाटींत भाग घेतलेले हे स्थापत्यज्ञ. त्या 1960 च्या करारात काही तांत्रिक मतभेद तटस्थ तज्ज्ञाकडे सोपविण्याची व त्याचा निर्णय बंधनकारक मानण्याची तरतूद होती. गुलाटी आयोगाला असा अधिकार नव्हता. उपलब्ध मोजणी अपुरी असून तिच्यावरून भरवशाचा प्रवाह निश्चित करता येत नाही, असे त्याने 1962 मध्ये कळविले. या उत्तराला अपयश म्हणण्याचा मोह होतो. परंतु अपुऱ्या मोजणीवर ठाम आकडा देणारा तज्ज्ञ अधिक घातक ठरता.

तंटा वाटाघाटींनी मिटणार नाही असे केंद्राचे मत झाल्यावरच लवाद नेमावयाचा, असे 1956 चा कायदा सांगतो. लवादास सल्ला देण्यासाठी दोन वा अधिक जाणकार नेमण्याची मुभाही तो देतो. न्यायमूर्ती बच्छावत यांचा लवाद 1969 मध्ये स्थापन झाला. 1894-95 पासूनच्या 78 वर्षांच्या प्रवाहनोंदींवरून 75 टक्के भरवशाचा प्रवाह 2060 अब्ज घनफूट धरावा, हे राज्यांनी त्याच्यापुढे मान्य केले. शंभरांपैकी 75 वर्षी निदान एवढे पाणी मिळेल, असा याचा अर्थ. आकड्याचा वाद तेथे संपला, वाटणीचा उरला. 1976 च्या अंतिम स्वरूपात महाराष्ट्रास 560, कर्नाटकास 700 व आंध्र प्रदेशास 800 अब्ज घनफूट मिळाले.

मात्र 75 ही संख्या नदीने सांगितलेली नव्हे. किती तुटीची वर्षे सोसावयाची, हा निर्णय पंचाचा. 2010 मध्ये न्यायमूर्ती ब्रिजेशकुमार यांच्या लवादाने 65 टक्क्यांचा भरवसाही हिशोबात घेतला, तेव्हा वाटावयाचे पाणी वाढले.

तज्ज्ञतेचा खरा उपयोग व्याख्येत दिसतो. बच्छावत लवादाने ‘वापर’ म्हणजे नदीच्या पाण्यात झालेली घट असे ठरविले. धरणात साठविलेले पाणी केवळ साठविल्यामुळे वापर ठरत नाही. त्यातून झालेले बाष्पीभवन मात्र ठरते. घरगुती व नगरपालिकांच्या पुरवठ्यासाठी उचललेल्या पाण्याचा पाचवा भागच वापर धरावयाचा, कारखान्यांच्या बाबतीत अडीच टक्के. उजनीच्या विस्तीर्ण जलाशयावरून उन्हाळ्यात उडून जाणारे पाणी महाराष्ट्राच्या खाती पडते, आणि त्याच जलाशयातून सोलापूर शहराने पिण्यासाठी उचललेल्या दर पाच घागरींपैकी एकच त्या खाती लिहिली जाते.