व्याख्येबाहेरचे रुग्ण

सरकारी व्याख्या ही वरवर पाहता कोरडी, कारकुनी बाब वाटते. परंतु रुग्ण कोणास म्हणावयाचे हे तीच ठरवीत असल्याने तिच्यातील एखादी ओळ माणसाच्या जगण्यामरण्याशी येऊन भिडते. अमेरिकेतील एड्सविषयक चळवळीचे एक प्रकरण या दृष्टीने मननीय आहे.

१९८१ साली हा रोग तेथे प्रथम नोंदला गेला तो तरुण समलिंगी पुरुषांमध्ये. साहजिकच त्याची अधिकृत लक्षणे मुख्यत्वे पुरुषांच्या आजारांवरून निश्चित झाली. विषाणुग्रस्त स्त्रियांना होणारा गर्भाशयमुखाचा कर्करोग त्या यादीत नव्हता. अपंगत्वाचा सरकारी भत्ता देताना मात्र याच यादीचा आधार घेतला जाई. परिणामी अनेक गरीब, कृष्णवर्णीय व लॅटिनवंशीय स्त्रिया मरणपंथास लागूनही कागदोपत्री एड्सच्या रुग्ण ठरत नसत.

१९८७ साली न्यूयॉर्कमध्ये स्थापन झालेल्या ‘ॲक्ट अप’ या, प्रामुख्याने समलिंगी स्त्रीपुरुषांच्या संघटनेने हा अन्याय वेशीवर टांगला. १९९० मध्ये अटलांटा येथील रोगनियंत्रण केंद्रासमोर निदर्शने झाली. त्याच वर्षी टेरी मॅकगव्हर्न या विधिज्ञ महिलेने केंद्र सरकारविरुद्ध दावा दाखल केला. या लढ्यात कॅट्रिना हॅसलिप अग्रभागी होत्या. कृष्णवर्णीय व मुस्लिम असलेल्या हॅसलिप यांनी बेडफर्ड हिल्सच्या तुरुंगात शिक्षा भोगत असतानाच सहकैदी स्त्रियांसमवेत एड्सविषयक समुपदेशनाचे कार्य उभारले होते.

अखेर १ जानेवारी १९९३ पासून व्याख्या विस्तारली. गर्भाशयमुखाचा कर्करोग, फुप्फुसाचा क्षय आणि प्रतिकारक पेशींची घटलेली संख्या यांचा तीत समावेश झाला. त्या वर्षी नोंदलेले रुग्ण आदल्या वर्षाच्या दुपटीहून अधिक होते. रोग एकाएकी फोफावला नव्हता. नोंदवही रुंदावली होती. हॅसलिप मात्र तत्पूर्वी महिनाभर, डिसेंबर १९९२ मध्ये निवर्तल्या होत्या.

आपल्याकडेही १९९४ मध्ये तिहार तुरुंगात निरोध पुरविण्यास नकार मिळाल्यावर ‘एड्स भेदभाव विरोधी आंदोलना’ने कलम ३७७ ला न्यायालयात आव्हान दिले. सज्ञानांच्या संमतीच्या संबंधांपुरते ते कलम निष्प्रभ होण्यास २०१८ साल उजाडावे लागले.

तज्ज्ञांच्या ज्ञानाचे मोल यामुळे कमी होत नाही. तथापि ज्यांच्याविषयी निर्णय घ्यावयाचा त्यांनाच दाराबाहेर ठेवून केलेली यादी अपुरी राहते, आणि त्या अपुरेपणाची किंमत यादी करणाऱ्यास मोजावी लागत नाही. म्हणूनच कोणतीही यादी हाती येताच तीत कोण आहे याइतकेच कोण नाही, हेही विचारले गेले पाहिजे.