निराधार अनुदान आणि जादा रोजगार : लाभ-हानीचा हिशेब

नाशिक जिल्ह्याच्या निफाड तालुक्यातील सायखेडा हे गोदावरीच्या काठी वसलेले बाजारपेठेचे गाव. नदीच्या पैलतीरावर चांदोरी, तर भोवती द्राक्षबागा आणि कांद्याची शेते. पिंपळगाव बसवंत कृषी उत्पन्न बाजार समितीचा उपबाजार येथे असल्याने कांद्याच्या मोसमात गावात मोठी वर्दळ असते. ऑक्टोबरमधील छाटणीनंतर बागांमध्ये फेलफुटी काढणे, घडांची विरळणी करणे, घड औषधात बुडविणे अशी कामे एकापाठोपाठ एक येतात. पुढे द्राक्षकाढणी आणि उन्हाळ कांद्याची काढणी यांची गर्दी होते. या काळात स्थानिक मजूर पुरे पडत नाहीत. पेठ, सुरगाणा भागातून टोळ्या बोलवाव्या लागतात.

एका बाजूला कामाची अशी मुबलकता असताना दुसऱ्या बाजूला गावातील एखादी भूमिहीन विधवा हाती आलेले जादा काम घ्यावे की नाही, या विवंचनेत असते. तिला शासनाचे अनुदान मिळते आणि उत्पन्न वाढल्यास ते बंद होईल, अशी धास्ती तिच्या मनात असते. ही भीती पुष्कळदा आळसाच्या नावावर खपविली जाते. वस्तुतः तिच्यामागे साधे अंकगणित आहे आणि ते समजून घेतल्याखेरीज अशा कुटुंबाला योग्य सल्ला देणे शक्य नाही.

अनुदान वाढले, रेषा तेथेच

राज्यात संजय गांधी निराधार अनुदान योजना १९८० साली सुरू झाली. पासष्ट वर्षांखालील निराधार व्यक्ती, विधवा, परित्यक्ता, दिव्यांग, दुर्धर आजाराने ग्रस्त रुग्ण, अनाथ मुले अशा घटकांना दरमहा साहाय्य देणे हा तिचा हेतू. दारिद्र्यरेषेखालील यादीत कुटुंबाचे नाव असणे, किंवा कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असणे, ही पात्रतेची अट ठेवण्यात आली. उत्पन्नाचा दाखला तलाठ्याच्या चौकशीनंतर तहसील कार्यालयातून मिळतो.

अनुदानाची रक्कम दरमहा ६०० रुपयांवरून २०१९ मध्ये १,००० रुपये आणि जुलै २०२३ मधील निर्णयाने १,५०० रुपये झाली. ही वाढ गरजूंना निश्चितच दिलासा देणारी ठरली. तथापि, या दोन्ही वेळी २१,००० रुपयांची सर्वसाधारण उत्पन्नमर्यादा मात्र होती तेथेच राहिली. त्यामुळे एक अनपेक्षित परिणाम घडून आला. अनुदान ६०० रुपये असताना रेषा ओलांडणाऱ्याचे वर्षाला ७,२०० रुपये बुडत. ते १,५०० रुपये झाल्यावर तीच रेषा ओलांडण्याची किंमत १८,००० रुपये झाली. शिवाय मजुरीचे दर वाढत गेले, तसतशी रेषा मजुराच्या अधिकाधिक जवळ आली. शंभर रुपये रोजाच्या काळी २१,००० रुपये मिळविण्यास २१० दिवस लागत. तीनशे रुपये रोज धरल्यास ते ७० दिवसांत मिळतात.

सत्तराव्या दिवसानंतर

उदाहरणादाखल एक विधवा आणि तिची दोन मुले असे कुटुंब घेऊ. उत्पन्नाच्या दाखल्यावर तिला अनुदान मंजूर झाले आहे आणि तिला दिवसाला ३०० रुपये मजुरी मिळते, असे समजू. वर्षात ७० दिवस काम केल्यास मजुरीचे २१,००० आणि अनुदानाचे १८,००० असे ३९,००० रुपये तिच्या हाती येतात. एकाहत्तराव्या दिवशी ती कामावर गेली, तर नियमानुसार तिचे उत्पन्न मर्यादेबाहेर जाते. मग मजुरीचे २१,३०० रुपये तेवढे उरतात. पूर्वीच्या ३९,००० रुपयांशी बरोबरी साधण्यास तिला १३० दिवस राबावे लागेल. म्हणजे मधल्या साठ दिवसांच्या कष्टाचे फळ शून्य.

त्यातच रेषा एकच नसते. राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा २०१३ साली झाला. त्यानुसार प्राधान्य कुटुंब ठरविताना राज्यात ग्रामीण भागासाठी ४४,००० रुपये वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ठरविण्यात आली. प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक व्यक्तीस दरमहा पाच किलो धान्य मिळते आणि जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. तिघांच्या कुटुंबाला वर्षाला १८० किलो धान्य मिळते. किलोला ३० रुपये धरले, तरी त्याचे मोल ५,४०० रुपये होते. वरील कुटुंबाला ७० दिवसांच्या कामावर मजुरी, अनुदान आणि धान्य मिळून ४४,४०० रुपयांचा आधार असतो. तिने १५० दिवस काम केले, तर मजुरी ४५,००० रुपये होते आणि नियमानुसार दोन्ही रेषा मागे पडतात. ऐंशी दिवसांच्या जादा कष्टातून निव्वळ प्राप्ती ६०० रुपये, म्हणजे दिवसाला साडेसात रुपये!

यातून एक गोष्ट स्पष्ट होते. थोडेसे जादा काम बहुधा तोट्याचे, तर भरपूर आणि नियमित काम फायद्याचे. तेच कुटुंब २०० दिवसांचे काम मिळवू शकले, तर त्याचे उत्पन्न ६०,००० रुपये होईल आणि पूर्वीपेक्षा १५,६०० रुपये जास्त उरतील. परंतु शेतीतील काम ऋतूच्या लहरीवर असते. ऑगस्ट २०१९ मध्ये गोदावरीच्या पुराचे पाणी सायखेडा आणि चांदोरीत शिरले. २०१६ मध्येही असाच पूर आला होता. अवकाळी पाऊस किंवा गारपीट झाली की द्राक्षबागेतील कामही थांबते. या वर्षी दोनशे दिवस मिळालेले काम पुढच्या वर्षी शंभरावर येऊ शकते. एकदा यादीतून नाव गेले की पुन्हा अर्ज, पुन्हा दाखले, पुन्हा समितीची मंजुरी. दरमहा १,५०० रुपयांइतकीच, किंबहुना त्याहून अधिक, किंमत त्या रकमेच्या खात्रीला असते. मजूर स्त्री घाबरते ती ही खात्री गमावण्याला.

भिंत आणि उतार

हा प्रश्न केवळ आपल्याकडचा नाही. इंग्लंडमधील बर्कशायर परगण्यात १७९५ साली पावाच्या भावानुसार मजुराच्या तुटपुंज्या मजुरीत धर्मादाय निधीतून भर घालण्याची पद्धत सुरू झाली. मजुरी वाढली की साहाय्य तितकेच घटे. त्यामुळे जादा कष्टाची ओढ मजुराला उरली नाही आणि मजुरी वाढविण्याची निकड मालकाला भासली नाही, अशी टीका त्या पद्धतीवर झाली. १८३४ च्या कायद्याने तेथे दुसरे टोक गाठले आणि धडधाकट गरिबांना कठोर शिस्तीच्या श्रमगृहांची वाट दाखविली. अलीकडे ब्रिटनने वेगळा मार्ग अवलंबिला आहे. कमाई वाढली म्हणून साहाय्य एकदम न तोडता ते टप्प्याटप्प्याने कमी केले जाते. २०२१ च्या अखेरीस हे प्रमाण ६३ टक्क्यांवरून ५५ टक्क्यांवर आणण्यात आले. म्हणजे या कपातीच्या कक्षेतील प्रत्येक शंभर पौंडांपैकी ४५ पौंडांचा लाभ मजुराकडे राहतो.

पहिल्या प्रकारात रेषा भिंतीसारखी उभी असते, दुसऱ्यात ती उताराचे रूप घेते. आपल्या उदाहरणात मर्यादेवरील प्रत्येक शंभर रुपयांमागे ५० रुपये अनुदान कमी केले असते, तर एकाहत्तराव्या दिवशी त्या विधवेच्या पदरात १५० रुपये पडले असते आणि अनुदान पूर्णपणे थांबण्यास १९० दिवसांचे काम लागले असते. अर्थात, अशी पद्धत राबविण्यास प्रत्येकाच्या कमाईची नोंद हवी आणि शेतमजुरीत ती सहसा नसते. तरीही रेषा हलविता येते, याचे उदाहरण याच योजनेत आहे. दिव्यांग लाभार्थ्यांसाठी उत्पन्नमर्यादा ५०,००० रुपये करण्यात आली. तीनशे रुपये रोजाने ती गाठण्यास १६७ दिवस लागतात.

महाराष्ट्राने स्वतःही एक निराळी वाट घालून दिली होती. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून सांगली जिल्ह्यातील तासगाव भागात १९६५ मध्ये झालेल्या प्रयोगातून रोजगार हमी योजना आकारास आली. १९७२ च्या दुष्काळात तिचे मोल पटले, १९७७ मध्ये कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. या योजनेत उत्पन्नाचा दाखला मागितला जात नसे. अंगमेहनतीची तयारी हीच पात्रता होती. मजुरी कामाच्या मापावर मिळत असल्याने अधिक खोदणाऱ्याला अधिक दाम मिळे. तेथे श्रम आणि साहाय्य एकमेकांचे वैरी नव्हते. जी व्यक्ती श्रम करूच शकत नाही, तिला अनुदान हाच आधार. परंतु जिला थोडेफार श्रम जमतात, तिला दोन्हींची सांगड लागते.

सल्ला देताना

गावपातळीवर सल्ला देणाऱ्या ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक आणि कर्मचारी यांनी काही गोष्टी ध्यानी घेणे अगत्याचे आहे. लाभार्थीस अनुदान दारिद्र्यरेषेच्या यादीवरून मंजूर झाले की उत्पन्नाच्या दाखल्यावरून, हे प्रथम पाहावे. वरील हिशेब दुसऱ्या प्रकारालाच थेट लागू होतो. मर्यादा कुटुंबाच्या उत्पन्नाची असते, एकट्या लाभार्थीच्या मजुरीची नव्हे, हेही सांगावे. प्रत्येक योजनेची रेषा वेगळी असते. २०२४ मध्ये सुरू झालेल्या लाडकी बहीण योजनेसाठी ही मर्यादा अडीच लाख रुपये ठेवण्यात आली. दोघांनी तीनशे रुपये रोजाने वर्षात तीनशे दिवस काम केले, तरी एकूण १,८०,००० रुपयेच होतात. तेव्हा केवळ त्या योजनेच्या भीतीने मजुरी नाकारण्याचे कारण नाही. मात्र, अन्य शासकीय योजनेतून दरमहा १,५०० रुपये घेणाऱ्या स्त्रीस तिचा लाभ मिळत नाही. रुग्णालयीन उपचारांबाबतची धास्तीही अनाठायी आहे. महात्मा फुले जन आरोग्य योजना २०२३ च्या निर्णयाने सर्व शिधापत्रिकाधारकांना खुली करण्यात आली आहे.

उत्पन्न लपविण्याचा सल्ला मात्र कोणी देऊ नये. तो बेकायदेशीर तर आहेच, शिवाय लपविण्याची सवय लागलेला मजूर हजेरीपत्रक आणि बँक खात्यातून होणाऱ्या कामापासून दूर राहतो. अशा मजुराला मजुरी थकल्यास दाद मागता येत नाही की अपघात झाल्यास कामाचा पुरावा देता येत नाही. त्यापेक्षा वर्षाच्या आरंभीच कामाचे संभाव्य दिवस मांडून पाहावेत. काम रेषेच्या किंचित पुढे जाणारे असेल, तर त्यातील तोटा लाभार्थीस आधीच ठाऊक असावा. ते वर्षभर टिकणारे असेल, तर अनुदान सोडून पुढे जाण्याचे धैर्य तिला द्यावे आणि काम तुटल्यास नवा अर्ज विनाविलंब पुढे सरकेल, एवढी दक्षता ग्रामपंचायत व तहसील कार्यालयाने घ्यावी. परतीची वाट खुली आहे, याची खात्री पटली, तर एकाहत्तराव्या दिवशी कामावर जाण्यास निराधार स्त्री कचरणार नाही.