ग्रंथांतून आणि पडद्यावरून चित्रकलेकडे

चाळीसगावच्या रेल्वे स्थानकाजवळ एक दगडी बंगला आहे. विलायतेत शेफील्ड येथे कलाशिक्षण घेऊन परतलेले पारशी कलावंत केकी मूस यांनी 31 डिसेंबर 1989 रोजी झालेल्या आपल्या निधनापर्यंतची अनेक दशके या वास्तूत जवळजवळ अज्ञातवासात घालविली, आणि घराचा उंबरठा क्वचितच ओलांडणाऱ्या या पुरुषाने टेबलावर मांडलेल्या चिमुकल्या वस्तूंवर प्रकाशाची अशी काही योजना केली, की छायाचित्रात विस्तीर्ण निसर्गदृश्याचा प्रत्यय यावा. आपल्या या वास्तूस त्यांनी नाव दिले होते ते डच चित्रकार रेम्ब्रांचे.

या नामकरणात मला विलक्षण औचित्य दिसते. कारण इटलीच्या भूमीवर कधी पाऊलही न ठेवलेल्या रेम्ब्रांने तेथील थोर चित्रकारांची ओळख मुख्यतः छापील प्रतिकृतींवरून करून घेतली होती. 1656 साली त्याचे दिवाळे निघाले, तेव्हा सरकारी अंमलदारांनी त्याच्या चीजवस्तूंची जी यादी केली, तीत अशा प्रतिकृतींचे संग्रहच्या संग्रह नोंदलेले आहेत. हिंदुस्थान न पाहिलेल्या या कलावंताने मोगल लघुचित्रांवरूनही रेखाटने केली, आणि त्यांपैकी वीसहून अधिक आजही उपलब्ध आहेत. तेव्हा मूळ चित्रांपासून दूर, एखाद्या तालुक्याच्या गावी राहून पुस्तकांवरून चित्रकला समजून घेणे हे काही कमअस्सल शिक्षण नव्हे. दृष्टी मात्र सावध हवी.

ग्रंथाचा मोठा गुण असा, की एकाच पृष्ठावर हवा तितका वेळ थांबता येते. चित्रपट थांबत नाही. तथापि ग्रंथाला असाध्य असे एक कार्य तो करतो. फ्रेंच दिग्दर्शक क्लूझो याने 1956 साली पिकासोवर केलेल्या चित्रपटात शाई कागदाच्या पलीकडे झिरपते, चित्रकाराचा हात अदृश्य राहतो आणि रेषा आपल्यासमोर जन्म घेते, बदलते, पुसली जाते. चित्र म्हणजे निर्णयांची मालिका आहे, हे इतक्या स्पष्टपणे क्वचितच कोणी दाखविले असेल. चरित्रपट मात्र बहुधा चित्रकाराच्या दुःखांत आणि प्रेमांत गुंततात.

याचे उदाहरण आपल्या शेजारीच आहे. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करण्यासाठी कंपनी सरकारने 1844 साली मद्रास लष्करातील रॉबर्ट गिल या अधिकाऱ्याची नेमणूक केली. ना. धों. महानोरांनी गिल आणि त्याची प्रेयसी पारो यांच्यावर ‘अजिंठा’ हे काव्य लिहिले, आणि त्यावरून नितीन देसाई यांचा चित्रपट 2012 साली आला. त्यांतील प्रेमकथा सर्वांच्या स्मरणात राहिली. पण ओलसर अंधारात वर्षानुवर्षे चाललेले गिलचे परिश्रम, 1866 साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत झालेला त्याच्या बहुतेक नकलांचा नाश, आणि 1879 साली मरण पावलेल्या गिलची भुसावळातील कबर, यांची वास्तपुस्त किती जण करतात? पुढे मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतील जॉन ग्रिफिथ्स यांनी 1872पासून विद्यार्थ्यांसह पुन्हा नकला केल्या. त्यांपैकीही कित्येक 1885 साली लंडनमध्येच जळाल्या. परंतु 1896–97मध्ये त्यांचे दोन खंड प्रसिद्ध झाले, आणि भिंतीवरचा रंग जेथे पुढे झडून गेला, तेथे हे खंडच आज साक्ष देतात. ग्रंथाचे याहून मोठे उपकार कोणते?

चित्रांचे ग्रंथ महाग असल्यामुळे ग्रंथालयांच्या कपाटांत ते पुष्कळदा कुलूपबंद राहतात. खानदेशातील ग्रंथपालांना आणि शिक्षकांना माझी विनंती आहे, की ती कुलपे उघडावीत, मुलांना चित्रे पाहू द्यावीत, एखादा चांगला चित्रपट शाळेत दाखवावा, आणि त्यानंतरच्या सहलीसाठी अजिंठ्याची, तेही पहिल्या लेण्यातील पद्मपाणीपुढे निवांत उभे राहण्याइतका वेळ राखून, निवड करावी.