अव्वल असताना झालेली बदली

मी पाचवीत असताना आमच्या गणिताच्या गुरुजींची बदली झाली. केदारखेडा हे जालना-भोकरदन रस्त्यावरचं गाव. जालन्याकडे जाणारी एसटी थांबली, गुरुजींची ट्रंक टपावर चढली आणि रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या बायकांनी पदर डोळ्यांना लावले. गुरुजींचं काही चुकलं नव्हतं. मुलं शिकत होती, शिष्यवृत्तीच्या परीक्षेला बसत होती. माझ्या वडिलांनी तेव्हा एकच प्रश्न विचारला होता, ‘‘मग नेलं कशाला?’’ आदेश वरून आला होता, एवढंच उत्तर मिळालं. मराठवाड्यात आजही आवडत्या शिक्षकाची बदली झाली की गावकरी शाळेला कुलूप ठोकतात. ती बातमी वाचली की मला टपावरची ट्रंक आठवते.

फुटबॉल मी पुढे खूप उशिरा पाहायला लागलो. पण ३१ जानेवारी २०२०च्या शुक्रवारी एफसी गोवाने मुख्य प्रशिक्षक सर्जिओ लोबेरा यांच्याशी फारकत घेतल्याची बातमी आली, तेव्हा गोव्यातल्या माणसांना काय वाटलं असेल हे मला कोणी समजावून सांगावं लागलं नाही. संघ त्या दिवशी इंडियन सुपर लीगच्या गुणतक्त्यात पहिला होता. साखळीतले फक्त तीन सामने उरले होते. पहिल्या क्रमांकावर राहणाऱ्या संघाला त्या वर्षी प्रथमच आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटफेरीत थेट जागा मिळणार होती. असा मान तोवर एकाही भारतीय क्लबला मिळाला नव्हता. आणि नेमक्या त्या वळणावर संघ घडवणारा माणूस काढला गेला.

प्रशिक्षक बदलला की पाठीराखे चिडतात, कारण त्यांना फक्त निकाल दिसतो, असं पुष्कळदा म्हटलं जातं. मला ते पटत नाही. गोव्याच्या बाबतीत निकाल चांगलेच होते. राग वेगळ्या गोष्टीचा होता आणि तो नीट पाहायचा तर थोडं मागे जावं लागेल.

गोव्यात फुटबॉल गावागावांत आहे. चर्चच्या किंवा देवळाच्या पुढ्यातलं मैदान, भातकापणीनंतरचं शेत, सगळीकडे चेंडू असतो. सुपर लीग येण्याच्या आधीच गोव्याने भारतीय फुटबॉलवर राज्य केलं होतं. धेंपो क्लबने २००४-०५ ते २०११-१२ या काळात राष्ट्रीय विजेतेपद पाच वेळा जिंकलं आणि पाचही वेळा प्रशिक्षक होते आर्मांदो कुलासो. २००० पासून २०१३ पर्यंत, म्हणजे तब्बल तेरा वर्षं, एकाच क्लबच्या बाकावर एकच माणूस, तोही गोव्याचाच. धेंपोचा पाठीराखा या माणसाला बाजारात भेटू शकत होता, पराभवाबद्दल तोंडावर जाब विचारू शकत होता. २०१४मध्ये सुपर लीग आली तेव्हा हे चित्र पालटलं. क्लब नवे, मालक नवे, प्रशिक्षक परदेशातून आलेले.

एफसी गोवाचे पहिले प्रशिक्षक झिको. १९७८, १९८२ आणि १९८६ असे तीन विश्वचषक ब्राझीलकडून खेळलेला हा माणूस मडगावजवळच्या फातोर्डा स्टेडियमच्या कडेला उभा राहतो, याचंच अप्रूप होतं. २०१५मध्ये त्यांनी संघाला अंतिम फेरीत नेलं. २० डिसेंबरला, घरच्या मैदानावर, नव्वदाव्या मिनिटापर्यंत गोवा चेन्नईयनविरुद्ध २-१ असा पुढे होता. मग गोलरक्षक लक्ष्मीकांत कट्टीमणीकडून स्वयंगोल झाला, पाठोपाठ भरपाई वेळेत चेन्नईयनच्या मेंडोझाने गोल केला आणि चषक गेला. पुढच्या हंगामात गोवा तळाला राहिला आणि झिको गेले. तळाला गेलेल्या संघाचा प्रशिक्षक जातो, हे सगळ्यांना समजतं. त्या निरोपात हळहळ होती, कुलूप ठोकावं असा संताप नव्हता.

त्यानंतर २०१७मध्ये लोबेरा आले. बार्सिलोनाच्या मुशीत काम केलेला हा स्पॅनिश प्रशिक्षक गोलरक्षकापासूनच छोटे छोटे पास खेळायला लावायचा. चेंडू लांब भिरकावून पुढे धावायचं, ही तेव्हाची इथली सर्रास रीत त्याने मोडून काढली. मध्यफळीत अहमद जाहू चेंडू वाटायचा, पुढे फेरान कोरोमिनास, म्हणजे सगळ्यांचा कोरो, तो जाळ्यात टाकायचा. पहिल्याच हंगामात साखळीत गोव्याने ४२ गोल केले, त्यातले १८ कोरोचे. २०१९मध्ये संघ पुन्हा अंतिम फेरीत गेला आणि मुंबईत बंगळुरूकडून हरला. जादा वेळेतल्या ११७व्या मिनिटाला गोल केला तो बंगळुरूकडून खेळणाऱ्या, मूळच्या मुंबईच्या राहुल भेकेने. महिन्याभरात भुवनेश्वरला चेन्नईयनला हरवून गोव्याने सुपर कप जिंकला आणि क्लबच्या कपाटात पहिला मोठा चषक आला.

पाठीराख्यांनी जीव लावला होता तो या खेळण्याला. गोव्याचा माणूस स्वतः चेंडू खेळलेला असतो. आपला संघ चेंडू जपून खेळतो, घाबरून तो दूर लाथाडत नाही, याचा त्याला मनापासून अभिमान होता. लोबेरांना काढलं तेव्हा व्यवस्थापनाशी मतभेद झाल्याच्या चर्चा झाल्या, पण पाठीराख्यांचं समाधान होईल असं उत्तर काही मिळालं नाही. माझ्या वडिलांचाच प्रश्न फातोर्ड्यात विचारला जात होता. मग नेलं कशाला?

उरलेल्या सामन्यांसाठी क्लिफर्ड मिरांडा यांच्याकडे सूत्रं दिली गेली. धेंपोचे जुने खेळाडू, कुलासोंच्या तालमीतले. सोबत तांत्रिक संचालक डेरिक परेरा. पुढचे तीन निकाल असे : हैदराबादवर ४-१, मुंबई सिटीवर ५-२, जमशेदपूरवर ५-०. तीन सामन्यांत चौदा गोल. १९ फेब्रुवारीला साखळीतलं अव्वल स्थान पक्कं झालं, ३९ गुण आणि ४६ गोल खात्यावर जमा झाले आणि आशियाची दारं उघडली. आता पाठीराख्याने काय करावं? आपल्याच मातीतला क्लिफर्ड बाकावर आहे म्हणून आनंद, संघ जिंकतोय म्हणून जल्लोष, आणि तरी पेरलेलं ज्याचं, तो राशीच्या वेळी खळ्यावर नाही याची टोचणी. या तिन्ही भावना एकाच छातीत राहू शकतात. इंग्लंडमध्ये लेस्टर सिटीने क्लाउडिओ रानिएरी यांना २३ फेब्रुवारी २०१७ला काढलं, तेव्हा लीग जिंकून नऊ महिनेच झाले होते. चार दिवसांनी लिव्हरपूलविरुद्धच्या सामन्याला लेस्टरचे लोक रानिएरींचे मुखवटे लावून आले. संघ ३-१ असा जिंकला. त्यांनी गोलही साजरे केले आणि गेलेल्या माणसाचं नावही गाजवलं.

मग प्रशिक्षक बदलल्याने खरंच फरक पडतो का? बास टेर वेल या डच अर्थशास्त्रज्ञाने नेदरलँड्सच्या पहिल्या श्रेणीतल्या अनेक हंगामांचे निकाल घेऊन हे तपासलं आहे. वाईट दिवसांत प्रशिक्षक काढलेले क्लब त्याने एका बाजूला ठेवले, आणि तसेच वाईट दिवस येऊनही प्रशिक्षक कायम ठेवलेले क्लब दुसऱ्या बाजूला. काही आठवड्यांत दोन्हीकडचे निकाल सावरले. म्हणजे घसरण झालेला संघ बहुधा आपल्या नेहमीच्या पातळीला परत येतो आणि श्रेय मात्र नव्या माणसाला मिळतं. शेतकऱ्याच्या घरात हे सहज समजेल. दोन वर्षं पाऊस हुकला आणि तिसऱ्या वर्षी पडला, तर तो नव्या तलाठ्यामुळे पडला असं कोणी म्हणत नाही.

पण आकड्यांचा हा नियम प्रत्येक गोष्टीला लागू होत नाही आणि त्याचा पुरावा त्याच हंगामात गोव्याच्या वाटेत उभा राहिला. चेन्नईयनने नोव्हेंबर २०१९च्या अखेरीला, संघ खाली घसरलेला असताना, जॉन ग्रेगरी यांना निरोप दिला आणि ओवेन कॉइल यांना आणलं. संघ उसळला, चौथा आला आणि उपांत्य फेरीत गाठ पडली गोव्याशी. चेन्नईत ४-१ असा पराभव. ७ मार्चला फातोर्ड्यात गोव्याने ४-२ असा सामना जिंकला, तरी एकूण ५-६ असा हिशेब झाला. एका गोलाने. लोबेरा असते तर? या प्रश्नाचं उत्तर कोणताही अभ्यास देऊ शकत नाही. म्हणून तो प्रश्न पाठीराख्याच्या मनात घर करून बसतो.

आठवड्याने फातोर्ड्यातच झालेला अंतिम सामना कोरोनामुळे प्रेक्षकांविना खेळवला गेला. पुढचा संपूर्ण हंगाम गोव्यात, बंद दाराआड झाला. आणि त्या हंगामात लोबेरा परत गोव्यात आले, मुंबई सिटीचे प्रशिक्षक म्हणून. सिटी फुटबॉल ग्रुपने नोव्हेंबर २०१९मध्ये मुंबई सिटीचा ६५ टक्के हिस्सा घेतला होता. लोबेरांच्या मागोमाग जाहू, मुर्तदा फाल, ह्यूगो बुमूस गेले आणि २०१४पासून गोव्याकडून खेळलेला मंदार राव देसाईही गेला. मंदारचं जाणं मला सगळ्यांत जास्त लागलं. परदेशी खेळाडू येतो आणि जातो, पण मंदार घरचा होता.

मार्च २०२१च्या उपांत्य फेरीत गोवा आणि मुंबई समोरासमोर आले. पहिला सामना २-२, दुसरा बांबोळीला ०-० आणि मग पेनल्टी शूटआउट. मुंबई ६-५ अशी जिंकली. पाच दिवसांनी फातोर्ड्याच्या मैदानावर बिपिन सिंगच्या शेवटच्या मिनिटातल्या गोलामुळे मुंबईने एटीके मोहन बागानला २-१ असं हरवून चषकही उचलला. लोबेरा जिथून काढले गेले त्याच मैदानावर विजेते ठरले आणि सगळ्या खुर्च्या रिकाम्या होत्या. या माणसाला पाहून शिट्ट्या मारायच्या की उभं राहून टाळ्या वाजवायच्या, हे ठरवण्याची वेळच फातोर्ड्याच्या लोकांवर आली नाही. ती यायला हवी होती, असं मला फार वाटतं. राग काय किंवा माया काय, माणसांनी समोरासमोर व्यक्त केली की निवते.

लोबेरांनंतर आलेल्या ह्वान फेरांदो यांचं प्रकरण उलटं. ऑक्टोबर २०२१मध्ये त्यांनी गोव्याला ड्युरंड कप जिंकून दिला. डिसेंबरमध्ये, हंगाम ऐन भरात असताना, करारातल्या कलमाचा आधार घेऊन ते एटीके मोहन बागानला निघून गेले. या वेळी क्लब आणि पाठीराखे एका बाजूला होते आणि रोष जाणाऱ्यावर होता. डेरिक परेरा पुन्हा मदतीला धावले, पण संघ नववा आला. मुंबईच्या डेस बकिंगहम यांनाही नोव्हेंबर २०२३मध्ये हंगामाच्या मध्यावरच जायचं होतं. त्यांच्या संघाने आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये भारतीय क्लबचा पहिला विजय मिळवला होता, फेब्रुवारी २०२३मध्ये फातोर्ड्यात गोव्याला ५-३ असं हरवून साखळी जिंकली होती. पण ते चालले होते ऑक्सफर्ड युनायटेडला, म्हणजे स्वतःच्या गावाला. अंधेरीच्या स्टेडियममध्ये वेस्ट ब्लॉक ब्लूज या पाठीराख्यांच्या गटातल्या पोरांना वाईट वाटलं. पण गावाकडे निघालेल्या माणसाला आपल्याकडे कोण अडवतं? त्यांच्या जागी पीटर क्रातकी आले आणि मे २०२४मध्ये मुंबईने कोलकात्यात चषक जिंकला.

तीन निरोप आणि तीन वेगळ्या प्रतिक्रिया. जाणारा का जातोय आणि तो कोणाच्या निर्णयाने जातोय, यावर त्या ठरल्या. गुणतक्त्याशी त्यांचा संबंध फार थोडा होता.

कोल्हापुरात हे सगळं निराळं आहे. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल या तालमींचे संघ शाहू स्टेडियमवर उतरतात तेव्हा गॅलऱ्या पेठापेठांनी भरतात. तिथला प्रशिक्षक बहुतेकदा त्याच तालमीचा जुना खेळाडू असतो. तो बदलला तर का बदलला, हे पेठेतल्या कट्ट्यावर कळतं, भांडण तिथेच होतं आणि पुढच्या हंगामात तोच माणूस गॅलरीत शेजारी बसलेला असतो. तालीम कोणी विकत घेऊ शकत नाही आणि उचलून दुसऱ्या शहरात नेऊ शकत नाही.

पुण्यात मात्र तेच झालं. बालेवाडीला खेळणाऱ्या एफसी पुणे सिटीने पाच हंगामांत सात माणसं बाकावर बसवली : फ्रँको कोलोंबा, डेव्हिड प्लॅट, अंतोनियो हबास, रांको पोपोविच, मिगेल अंगेल पोर्तुगाल, हंगामी म्हणून प्रद्युम रेड्डी आणि शेवटी फिल ब्राऊन. त्यांतल्या पोपोविच यांनी २०१७-१८मध्ये संघाला पहिल्यांदा उपांत्य फेरीत नेलं, आणि पुढच्या हंगामाला तेही नव्हते. ऑरेंज आर्मी नावाने ओळखले जाणारे नारिंगी शर्टातले पाठीराखे दर वर्षी नवं नाव शिकले, नव्या माणसाची खेळण्याची रीत समजून घेतली, त्याच्यासाठी ढोल वाजवले. ऑगस्ट २०१९मध्ये क्लबच बंद झाला आणि सुपर लीगमधली त्याची जागा हैदराबादने घेतली. खेळाडूंपैकी मार्सेलिन्यो हैदराबादला गेला, आदिल खान गेला, प्रशिक्षक फिल ब्राऊनही गेले. पुण्यात राहिले ते पाठीराखे. त्यांच्यासमोर जाब विचारायला आता ना प्रशिक्षक होता ना क्लब. घरात घडी घालून ठेवलेले नारिंगी शर्ट तेवढे होते.