अर्बन सी : आर्कची विजेती, दोन डर्बी विजेत्यांची आई

पॅरिसच्या लाँगशाँ रेसकोर्सवर ३ ऑक्टोबर १९९३ रोजी 'प्री द लार्क द ट्रिओंफ' ही युरोपातील सर्वांत प्रतिष्ठेची अश्वशर्यत झाली. मैदानात २३ घोडे होते. त्यांतील अर्बन सी या चार वर्षांच्या तांबूस घोडीचा भाव होता ३७ ला १. जाणकारांच्या लेखी ती विजयाच्या दावेदारांत नव्हतीच. प्रत्यक्षात व्हाइट मझल या घोड्याला अवघ्या मानेच्या अंतराने मागे टाकून तिने ही शर्यत जिंकली.

त्या दिवशी अनेकांनी हा निव्वळ योगायोग मानला. बरोबर सोळा वर्षांनी, ४ ऑक्टोबर २००९ रोजी, त्याच मैदानावर तीच शर्यत सी द स्टार्स या घोड्याने जिंकली. तो अर्बन सीचा मुलगा होता. दरम्यान तिच्या आणखी एका मुलाने, गॅलिलिओने, २००१ साली इंग्लंडची डर्बी जिंकली होती. आज युरोपातील मोठ्या शर्यतीचा विजेता कोणत्या घराण्यातील आहे हे शोधू लागले की बहुधा याच घोडीच्या नावापाशी येऊन थांबावे लागते.

जर्मन घराणे, अमेरिकेत जन्म

अर्बन सीचा जन्म फेब्रुवारी १९८९ मध्ये अमेरिकेतील केंटकी राज्यात झाला. वडील मिसवाकी, आई अलेग्रेटा. अलेग्रेटा ही जर्मनीतील श्लेंडरहान या जुन्या स्टड फार्मच्या घराण्यातील. धावण्यात तिने फारसे नाव कमावले नव्हते. मात्र तिच्या पोटी पुढे २००० सालच्या 'टू थाऊजंड गिनीज' शर्यतीचा विजेता किंग्ज बेस्ट जन्मला. म्हणजे अर्बन सीचे यश आकाशातून पडलेले नव्हते. आपल्याकडे 'खाण तशी माती' म्हणतात, त्याचाच हा प्रत्यय.

फ्रान्समधील दोव्हिल येथील शिंगरांच्या लिलावातून ती प्रशिक्षक जाँ लेबोर्द यांच्या तबेल्यात आली. हाँगकाँगचे त्सुई कुटुंब तिचे मालक होते. आर्कमध्ये तिच्यावर स्वार झालेले जॉकी एरिक सँ-मार्तँ यांचे वडील इव्ह यांनी ही शर्यत चार वेळा जिंकलेली होती, त्यामुळे त्या विजयात घोडीच्या घराण्याइतकाच स्वाराच्या घराण्याचाही भाग होता असे म्हणावयास हरकत नाही. एकंदर २४ शर्यतींत ती आठ वेळा विजयी ठरली. अजिंक्य म्हणून गाजलेल्या घोड्यांच्या पंक्तीत हे आकडे तिला बसवत नाहीत. ती दणकट होती, निरनिराळ्या देशांत जाऊन धावली आणि जपान कपसाठी टोकियोपर्यंत गेली.

घोड्याची शेकडो, घोडीचे एक

१९९४ च्या हंगामानंतर ती शर्यतींतून निवृत्त झाली आणि तिच्या आयुष्याचा दुसरा भाग सुरू झाला. तो समजून घेण्यासाठी थरोब्रेड जातीच्या प्रजननाचे नियम ध्यानात घ्यावे लागतात. या जातीत कृत्रिम रेतनाला मान्यता नाही. दुसऱ्या घोडीच्या गर्भाशयात भ्रूण वाढविण्यासही परवानगी नाही. नर आणि मादीचा नैसर्गिक संयोग झाला तरच शिंगराची नोंद होते.

तरीही मागणी असलेला नर घोडा एका हंगामात शंभराहून अधिक घोड्यांना जोड देऊ शकतो. घोडीचा गर्भकाळ मात्र सुमारे अकरा महिन्यांचा असतो. सर्व काही सुरळीत झाले तरी वर्षाला एक शिंगरू, त्याहून अधिक नाही. नर घोड्याची पन्नास शिंगरे सामान्य निघाली तरी एक-दोन विजेत्यांवर त्याचे नाव तरते. घोडीला अशी मुभा नसते. त्यामुळे शर्यतींच्या पुस्तकांत बापाचे नाव ठळक छापले जाते आणि आईचे नाव बारीक अक्षरांत राहते.

याच कारणाने अश्वशर्यतींच्या जगात सावत्र भावंडे म्हणजे केवळ एका आईची भावंडे. एका बापाची शेकडो असतात, त्यांना कोणी भावंडे म्हणून मोजत नाही.

अर्बन सीच्या पहिल्या शिंगराचा जन्म १९९६ चा, शेवटच्याचा २००९ चा. या काळातील तिच्या आठ मुलांनी आणि मुलींनी नामांकित शर्यती जिंकल्या. त्यांपैकी गॅलिलिओ, ब्लॅक सॅम बेलामी, माय टायफून आणि सी द स्टार्स या चौघांनी सर्वोच्च, म्हणजे 'ग्रेड वन' दर्जाचे यश मिळविले. चांगल्या घोडीच्या पोटी असा एक घोडा निपजला तरी मालक धन्य होतात.

अधिक लक्षणीय आहे ती या मुलांच्या बापांची यादी. गॅलिलिओ आणि ब्लॅक सॅम बेलामी यांचा बाप सॅडलर्स वेल्स हा त्या काळातील युरोपचा सर्वांत मातब्बर नर होता. त्याच्यापासून चांगली संतती होण्यात नवल नाही. परंतु सी द स्टार्सचा बाप केप क्रॉस स्वतः १६०० मीटरच्या अंतराचा धावपटू होता, आणि मुलाने २४०० मीटरची डर्बीही जिंकली. लॅमटारा हा धावपटू म्हणून अजिंक्य राहिलेला, पण प्रजननात निराशा करणारा घोडा. त्याच्यापासून झालेली मेलिका ही मुलगीही २००० सालच्या ओक्स शर्यतीत तिसरी आली. बाप बदलत गेले, दर्जा टिकून राहिला. या घोडीच्या बाबतीत श्रेयाचा मोठा वाटा आईकडे जातो, तो यासाठी.

मार्च ते ऑक्टोबर २००९

सी द स्टार्सचा जन्म एप्रिल २००६ मध्ये आयर्लंडच्या किल्डेर येथील राष्ट्रीय स्टड फार्मवर झाला. मालकी अर्थातच त्सुई कुटुंबाची, प्रशिक्षक जॉन ऑक्स. मार्च २००९ मध्ये, तो तीन वर्षांचा होत असताना, त्याच फार्मवर अर्बन सीने आणखी एका शिंगराला जन्म दिला. त्या प्रसूतीनंतर उद्‌भवलेल्या गुंतागुंतीत तिचा मृत्यू झाला. ती २० वर्षांची होती. घोडीच्या वयाचा विचार करता ही उतारवयातील प्रसूती म्हणावी लागेल. वाचलेल्या शिंगराचे नाव पुढे बॉर्न टू सी ठेवण्यात आले आणि २०१२ च्या आयरिश डर्बीत त्याने दुसरा क्रमांक मिळविला.

मुलाचे सर्वांत मोठे वर्ष पाहणे आईच्या नशिबी नव्हते. तिच्या मृत्यूनंतर दोन महिन्यांनी, २ मे रोजी, सी द स्टार्सने टू थाऊजंड गिनीज जिंकली. जूनमध्ये डर्बी, त्यानंतर एक्लिप्स, यॉर्कची इंटरनॅशनल, आयरिश चॅम्पियन आणि शेवटी आर्क. मे ते ऑक्टोबर या सहा महिन्यांत दर महिन्याला एक सर्वोच्च दर्जाचा विजय. या सर्व शर्यतींत त्याच्यावर मिक किनेन स्वार होते. त्यांनी त्या वर्षी पन्नाशी गाठली होती. आठ वर्षांपूर्वी गॅलिलिओला डर्बी जिंकून देणारे जॉकीही तेच. दोन्ही सावत्र भावांना जवळून जाणणारा त्यांच्याइतका दुसरा स्वार नसावा.

एकच नाव पुन्हा पुन्हा

गॅलिलिओचे प्रजननातील यश त्याच्या धावण्यापेक्षाही मोठे ठरले. ब्रिटन आणि आयर्लंडमधील सर्वोत्तम नर घोड्याचा मान त्याला बारा वेळा मिळाला, २००८ साली आणि पुढे २०१० ते २०२० सलग. चौदा शर्यतींत एकदाही न हरलेला फ्रँकेल हा त्याचाच मुलगा. गॅलिलिओचा मृत्यू जुलै २०२१ मध्ये झाला.

मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवर २४०० मीटरची इंडियन डर्बी होते, तिचा मूळ नमुना म्हणजे एप्समची डर्बी. या मूळ डर्बीचे २०१८ ते २०२५ या आठ वर्षांतील विजेते पाहावेत : मसार, अँथनी व्हॅन डाइक, सर्पेंटाइन, अडायार, डेझर्ट क्राउन, ऑगस्ट रोदँ, सिटी ऑफ ट्रॉय आणि लँबर्न. या आठही घोड्यांच्या वंशावळीत अर्बन सीचे नाव आहे. कुणाच्या बापाकडून, कुणाच्या आईकडून. मसारच्या बाबतीत तर दोन्हीकडून. त्याचा आजोबा गॅलिलिओ, आणि आईच्या बाजूने त्याच्या पणजीचे नाव मेलिका.

हा गौरव आहे, तशी चिंताही आहे. उत्तम रक्त सर्वांनाच हवे असते, आणि सर्वांनी तेच घेतले की काही पिढ्यांनी नवे रक्त शोधणे अवघड होते. थरोब्रेड जातीत निकटच्या नात्यातील संयोगाचे प्रमाण गेल्या काही दशकांत वाढत गेल्याचे २०२० साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासातही दिसून आले. मसारसारखा विजेता हा अशा जोडीचा यशस्वी नमुना झाला. न जमलेल्या जोड्यांची नावे मात्र वृत्तपत्रांपर्यंत येत नाहीत. गॅलिलिओच्या मुलींसाठी जपानच्या डीप इम्पॅक्टची निवड झाली त्यामागे त्या घोड्याच्या कर्तृत्वाइतकेच त्याचे वेगळे रक्तही कारणीभूत होते. ऑगस्ट रोदँ हे त्याच जोडीचे फळ.

अर्बन सीच्या संततीला एक शर्यत मात्र हुलकावणी देत राहिली. ती म्हणजे तरुण घोड्यांसाठी नव्हे, तर केवळ तरुण घोडींसाठी असलेली एप्समची ओक्स. २००० साली मेलिका तिसरी आली. २००४ साली धाकटी बहीण ऑल टू ब्युटिफुल दुसरी आली. २०११ साली ऑल टू ब्युटिफुलची मुलगी वंडर ऑफ वंडर्स, तीही दुसरीच. अखेर २०१२ साली गॅलिलिओची मुलगी वॉज हिने ओक्स जिंकली, आणि दोन वर्षांनी सी द स्टार्सची मुलगी तघरूदा हिने. मुलींच्या हातून निसटलेली शर्यत नातींनी घरी आणली.