वाट पाहणे – भाग ५ : पेरणीआधीचे दिवस

याकोबाने आपल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात धीर शिकवण्यासाठी शेतकरी पुढे आणला आहे. पहिल्या आणि शेवटच्या पावसाची वाट पाहणारा. त्याच्या मुलखात पहिला पाऊस ऑक्टोबर-नोव्हेंबरात पडायचा आणि पेरणीला वापसा यायचा. शेवटचा मार्च-एप्रिलात, दाणा भरायला. आपल्या खालापुरात मृग आणि हस्त म्हटलं की हाच हिशेब कळतो.

मात्र मृगापर्यंत इथला भातशेतकरी हातावर हात ठेवून बसत नाही. उन्हाळ्यात तो राब भाजतो. रोपाच्या जागेवर शेण, झाडाचा टहाळ, पालापाचोळा, गवत असे थर देऊन वर माती पसरायची आणि वारा बघून पेटवायचं. तणाचं बी जळून जातं. पाऊस पडला की त्या राखेत भात पेरायचं, आणि तीन-चार आठवड्यांनी रोपं उपटून लावणी. एक्स्प्रेस-वेच्या आजूबाजूची शेतं विकली जाताहेत, राब कमी होताहेत, याचं मला वाईट वाटतं. कारण पाऊस दिसत नसताना त्याच्यावर भरवसा ठेवून काम करणारा माणूस याकोबाला अभिप्रेत होता, आणि तो आपल्याला शिवारातच भेटत होता.

त्याच ओघात याकोब आणखी एक सांगतो, ते प्रवचनांत सहसा येत नाही : एकमेकांविरुद्ध कुरकुर करू नका. प्रार्थनेचं उत्तर लांबलं की देवाशी भांडायची आपल्याला भीती वाटते. मग राग घरच्यांवर निघतो. ‘तुझाच विश्वास कमी’ हे वाक्य अशाच वेळी तोंडातून जातं.

इथे मला नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई आठवतात. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळलं. नवरा जिवंत असून संसार मोडलेला, पदरी लहानगा दत्तू, आसरा नातेवाइकांचा. चार-पाच वर्षं अशी गेली. आपण ही गोष्ट टिळकांच्या बाजूने सांगतो, त्यांच्या धीराचं कौतुक करतो. खरं तर जास्त जड वाट पाहणं लक्ष्मीबाईंच्या वाट्याला आलं, आणि ते त्यांनी निवडलेलं नव्हतं. त्यांची ‘स्मृतिचित्रे’ वाचल्याशिवाय मंडळीत या विषयावर कुणी बोलू नये, असं माझं मत आहे.

पुढे त्या अहमदनगरला टिळकांकडे आल्या, त्या ख्रिस्ती व्हायला नव्हे. सोवळं सोबत घेऊनच आल्या. चूल वेगळी, पाणी वेगळं. ज्या माणसाला आपला तारणारा सापडला आहे, त्याच्या डोळ्यांसमोर रोज ती वेगळी चूल पेटत होती. टिळक तापट होते, उतावळे होते. तरी बायकोच्या विश्वासाच्या बाबतीत त्यांनी जबरदस्ती केली नाही. जात देवाने केलेली नाही, हे लक्ष्मीबाईंना त्यांच्या स्वतःच्या विचारातून पटलं. १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

आपल्याकडेही अशी घरं आहेत. एकटी सूनच चर्चमध्ये येते, किंवा मुलगा येतो आणि आई-वडील येत नाहीत. ‘अजून किती दिवस?’ असं ही माणसं विचारतात तेव्हा मी त्यांना तारीख सांगू शकत नाही. सासूचं दुखणं-खुपणं बघा, तिच्या सणाला घर सारवायला हात लावा, तिच्या देव्हाऱ्याबद्दल वाकडं बोलू नका, एवढं सांगतो. काहींना ही तडजोड वाटते. मला तो राब वाटतो.

१९१९ मध्ये टिळक गेले तेव्हा त्यांचं ‘ख्रिस्तायन’ अपुरं राहिलं होतं. ते पुढे लिहायला बसल्या त्या लक्ष्मीबाईच.

पुढच्या आठवड्यात पंडिता रमाबाईंकडे वळू. त्यांचा बाप्तिस्मा १८८३ चा, पण ख्रिस्त आपला स्वतःचा झाला असं त्यांना वाटलं ते त्यानंतर साधारण आठ वर्षांनी. त्या मधल्या काळात त्यांनी शाळा काढली होती.