हायब्रिड झाली म्हणून काय झालं? लक्ष हवंच!

‘तुमची हायब्रिड ना? मग काय, देखभालीची कटकटच नाही!’ गाडी घेतल्यापासून हे वाक्य मी किती जणांकडून ऐकलं असेल! आमच्या गावाहून जिल्ह्याचं ठिकाण चांगलं लांब. सासूबाईंना तपासणीला न्यायचं ते मीच नेते. ऐन वेळी गाडी दारातच रुसली तर करायचं काय? म्हणून मी गाडीची पुस्तिका नीट वाचून काढली. मैत्रिणींनो, स्वयंपाकघरातला मिक्सर आपण सांभाळतो ना, त्याहून हे काही फार अवघड नाही.

आपल्याकडे २०२२ पासून ग्रँड विटारा, हायरायडर, होंडा सिटी अशा गाड्या हायब्रिडमध्ये आल्या. त्यात पेट्रोलचं इंजिनही असतं आणि विजेची मोटरही. मोठी बॅटरी घरी चार्जिंगला लावावी लागत नाही. ब्रेक दाबला की वाया जाणारी शक्ती तिच्यात साठते, शिवाय इंजिनही तिला चार्ज करतं. पण इंजिन आहे म्हटल्यावर ऑइल, फिल्टर, कूलंट हे सगळं आलंच. गाडी कमी फिरली तरी पुस्तिकेत दिलेले महिने भरले की ऑइल बदलायचं आणि तिथे लिहिलंय त्याच ग्रेडचं घालायचं.

आता खास हायब्रिडच्या गोष्टी. बऱ्याच गाड्यांत मोठी बॅटरी गार ठेवायला आतली हवा ओढणारी एक जाळी असते, बहुधा मागच्या सीटजवळ. आपण नेमक्या तिथेच पिशव्या, चादरी कोंबतो! जाळी झाकली किंवा धुळीनं भरली की बॅटरी तापते आणि तिचं आयुष्य घटतं. म्हणून जाळी मोकळी ठेवा आणि आतला फिल्टर सर्व्हिसिंगच्या वेळी साफ करून घ्या.

दुसरी ती छोटी, १२ व्होल्टची बॅटरी. मोठी कितीही दमदार असली तरी तिला जागं करते ही धाकटीच. गाडी पंधरा-वीस दिवस उभी राहिली तर ही उतरू शकते. म्हणून आठवड्यातून एकदा तरी बऱ्यापैकी चक्कर मारावी. गाडी चालू न करता नुसती गाणी ऐकत बसू नये.

ब्रेकचे पॅड हायब्रिडमध्ये कमी झिजतात, हे खरं. पण कमी वापरामुळे पावसाळ्यात डिस्कला गंज धरू शकतो. पॅड शिल्लक असले तरी ब्रेक उघडून तपासायला सांगा. टायरमधली हवा महिन्यातून एकदा बघा. हवा कमी तर अॅव्हरेज कमी!

आणि हे अगदी मनावर घ्या. ‘रेडी’चा दिवा लागलेला असला की गाडी गप्प असली तरी चालूच असते. बॅटरी उतरत आली की इंजिन आपोआप सुरू होतं. बंद शेडमध्ये त्याचा धूर कोंडला तर जिवावर बेतू शकतं. लेकरं गाडीत खेळत असतील तर आणखी धोका. उतरताना दिवा विझलाय ना, बघायचंच. किल्लीही मुलांच्या हाती लागू द्यायची नाही.

बॉनेटखालच्या जाड नारिंगी वायरींत मोठ्या दाबाची वीज असते. उंदरांनी कुरतडलेल्या दिसल्या तरी हात लावायचा नाही, चिकटपट्टीही नाही. ओळखीच्या गॅरेजवाल्या दादालाही उघडू देऊ नका. ते काम हायब्रिडचं प्रशिक्षण घेतलेल्या मेकॅनिकचंच.

सर्व्हिसिंगला गेलात की चार प्रश्न विचारा: जाळीचा फिल्टर साफ केला का? छोटी बॅटरी तपासली का? ब्रेक उघडून पाहिले का? मोठ्या बॅटरीची तपासणी केली का? उत्तरं कागदावर लिहून घ्या आणि बिलं जपून ठेवा, वॉरंटीच्या वेळी तीच कामी येतात. ‘साहेबांना पाठवा, त्यांना सांगतो’ असं कोणी म्हणालं, तर हसून सांगा, ‘गाडी मी चालवते, मलाच सांगा!’